दुःख, अन्याय आणि शास्त्रवचन : मराठी ख्रिस्ती उपदेशपरंपरेचा एक विचार

प्रस्तावना

धर्मोपदेश आणि लोकांचे दुःख यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात संत गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे कीर्तन आधी हातातील खराट्याने सुरू होई आणि मग मुखाने. श्रोत्यांना ते प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच घेत. कर्ज काढून सण करू नका, मुलाला शाळेत घाला, देवापुढे पशुहत्या करू नका, माणसाला अस्पृश्य मानू नका, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा होता. दुःखाचे कारण केवळ प्रारब्धात न शोधता कर्ज, अज्ञान आणि विषमता यांत शोधणारा उपदेश या भूमीने ऐकलेला आहे. म्हणून अन्य कोणत्याही धर्मपरंपरेतील उपदेशाचा विचार करताना येथील अभ्यासकापाशी एक कसोटी आधीपासूनच आहे.

प्रस्तुत लेखात ही कसोटी मनाशी ठेवून मराठी ख्रिस्ती परंपरेचा विचार केला आहे. विदर्भात ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प आहे. तथापि दुष्काळ, वैधव्य, रोगराई आणि जातिभेद यांना सामोरे जाताना या समाजाने मराठी भाषेत जे वाङ्मय आणि विचार निर्माण केले, ते सर्वांच्या अभ्यासाचे विषय आहेत. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे :

१. दुःख आणि अन्याय यांविषयी बायबलमध्ये आढळणाऱ्या भिन्न विचारधारांचा परिचय करून देणे.
२. या विचारधारा मराठी ख्रिस्ती लेखक व कार्यकर्त्यांनी कशा वापरल्या, हे पाहणे.
३. या उपदेशावर झालेली टीका लक्षात घेणे.
४. वऱ्हाडातील आजच्या परिस्थितीत या विचाराची प्रस्तुतता तपासणे.

शास्त्रवचनातील दोन धारा

बायबल हे एकच पुस्तक नसून अनेक शतकांत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. त्यामुळे दुःखाविषयी त्यात एकच एक उत्तर सापडत नाही. स्थूलमानाने तेथे दोन प्रश्न वेगळे करता येतात. पहिला प्रश्न असा की, ज्याचे कारण कळत नाही अशा दुःखाविषयी काय बोलावे ? दुसरा प्रश्न असा की, जे दुःख माणसांनीच माणसांवर लादले आहे त्याविषयी कोणाशी बोलावे ? पहिला प्रश्न दुःखाचा आहे, तर दुसरा अन्यायाचा. उपदेशकांकडून होणारी मोठी चूक ही की, दुसऱ्या प्रश्नाला ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. म्हणजे अन्यायाने गांजलेल्याला सहनशीलता शिकवतात.

पहिल्या धारेतील प्रमुख ग्रंथ ‘ईयोब’ हा होय. ईयोब नीतिमान असूनही त्याची संपत्ती, मुले आणि आरोग्य नष्ट होते. त्याचे मित्र भेटीस येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसून राहतात. त्यांच्या वर्तनातील सर्वांत चांगला भाग हाच आहे. पुढे ते बोलू लागतात आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधतात. ईयोब हे मान्य करीत नाही. तो देवाशीच वाद घालतो. ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच कोप करतो आणि ईयोबाचे बोलणे यथार्थ होते असा निर्वाळा देतो. धर्माची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि तक्रार करणारा बरोबर ठरला, हा या ग्रंथाचा निष्कर्ष उपदेशकाने विसरता कामा नये.

हीच भूमिका नव्या करारातही आढळते. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी ? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, या प्रश्नालाही त्याचे उत्तर नकारार्थी आहे. पूर्वकर्माच्या हिशोबाने दुःख समजावून सांगणे आपल्याकडे प्रचलित आहे, तसेच ते प्राचीन यहुदी समाजातही प्रचलित होते. त्या हिशोबाला या ग्रंथातूनच आक्षेप घेतला गेला, हे लक्षणीय आहे.

‘स्तोत्रसंहिते’तील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट विश्वासाच्या उद्गाराने होतो. परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते. ते ग्रंथातून वगळले गेले नाही. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन (१९३३-२०२५) यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, उपासनेतून विलाप नाहीसा झाला म्हणजे न्यायाचा प्रश्नही नाहीसा होतो. कारण ज्याला तक्रार करण्याची मुभा नाही, त्याला केवळ स्तुती किंवा अपराधाची कबुली एवढेच दोन मार्ग उरतात.

दुसरी धारा संदेष्ट्यांची आहे. आमोस हा मेंढपाळ होता. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणाऱ्या आणि मापात खोट करणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्याने टीका केली आणि न्यायाविना केलेले उत्सव देवाला नकोसे आहेत असे सांगितले. यशया आणि मीखा शेताला शेत जोडून जमीन गिळणाऱ्यांचा निषेध करतात. ‘अनुवाद’ या ग्रंथात दर सातव्या वर्षी कर्ज माफ करण्याची, तर ‘लेवीय’ ग्रंथात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाला परत करण्याची तरतूद आहे. याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करीत आहे, अशी प्रतिमा येते. या वचनांचा श्रोता गांजलेला मनुष्य नव्हे, तर गांजणारा आहे. गरिबासमोर ती वाचून दाखवणे सोपे असते. धनिकासमोर वाचणे कठीण असते. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचे वचन वाचून दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका यांची घोषणा केली. पुढे त्याच प्रवचनाच्या अखेरीस श्रोते इतके संतापले की, त्याला कड्यावरून लोटून देण्यास ते निघाले, असे लूक नमूद करतो.

वैधव्याचा प्रश्न : बाबा पदमनजी ते पंडिता रमाबाई

मराठीत या विचारांचा प्रवेश प्रथम स्त्रियांच्या दुःखाच्या निमित्ताने झाला. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पतीसह प्रवास करणारी यमुना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि ऐकते. या पुस्तकात धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे आणि त्यामुळे कथानकाला मर्यादाही पडल्या आहेत. परंतु विधवेचे दुःख दैवाचे नसून रूढीचे आहे, हे प्रतिपादन त्यात ठामपणे येते. मात्र येथे विधवा बोलते ती लेखकाच्या लेखणीतून. ती स्वतः शास्त्र वाचणारी आणि अर्थ लावणारी झालेली नाही.

हे पुढील पाऊल पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) उचलले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगून उदरनिर्वाह करीत. तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म करीत भटकणाऱ्या या कुटुंबावर मद्रास इलाख्यात दुष्काळाचा घाला पडला. १८७४ मध्ये आईवडील आणि पाठोपाठ बहीण उपासमारीने दगावली. म्हणजे रमाबाईंना दुःख आणि धर्मोपदेश यांचा संबंध ग्रंथांतून कळला नव्हता. पुराण सांगणाऱ्याच्या घरातील भूक त्यांनी सोसली होती. पुढे १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागील एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितला आहे. लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले एक निवासगृह त्यांनी पाहिले. या स्त्रियांविषयी एवढा जिव्हाळा का, असे विचारले असता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या, समाजाने बाजूला टाकलेल्या त्या स्त्रीशी येशू गंभीर धर्मचर्चा करतो. स्त्रिया आणि शूद्र यांना शास्त्राधिकार नाकारणारी वचने रमाबाईंना मुखोद्गत होती. त्यांच्या दृष्टीने या कथेचे महत्त्व सांत्वनात नव्हते. स्त्री ही धर्मचर्चेची अधिकारी आहे, हे त्यांना तेथे दिसले.

हा अधिकार त्यांनी चर्चपुढेही सोडला नाही. इंग्लंडमधील धर्मभगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सिद्धान्तांविषयी आणि धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराविषयी त्या निर्भीडपणे प्रश्न विचारताना दिसतात. एका पुरोहितवर्गापासून मुक्त झाल्यावर दुसऱ्याच्या अधीन होण्यास त्या तयार नव्हत्या. दुसरीकडे १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यास हलविलेल्या शारदा सदनातील धर्मप्रभावावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि अनेक समाजसुधारकांनी आपला पाठिंबा काढून घेतला. साहाय्य आणि धर्मप्रसार यांची सीमारेषा कोठे असावी, हा त्या वादातील प्रश्न रास्त होता, हेही नमूद केले पाहिजे.

दुष्काळ आणि प्लेग : वचनाची कसोटी

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील अनाथगृहांत आणि साहाय्य छावण्यांत निराधार मुलींची जी अवस्था त्यांनी पाहिली, तिच्यात भुकेइतकाच मोठा धोका माणसांचा होता. उपाशी मुलींना फसवून नेणारे लोक तेथे वावरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला आणि केडगाव येथे ‘मुक्ती’ची उभारणी झाली. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. या दुष्काळाने वऱ्हाडालाही ग्रासले. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली, यावरून त्या दशकाच्या संहाराची कल्पना येते.

याच काळात रमाबाईंनी शासनालाही प्रश्न विचारले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविषयी त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले. ब्रिटिश संसदेपर्यंत हा विषय गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि तक्रार करणारी स्त्रीही ख्रिस्ती होती. धर्मबंधुत्वाने तिचे तोंड बंद झाले नाही. संदेष्ट्यांच्या धारेचे मराठी भूमीतील हे ठळक उदाहरण होय.

वऱ्हाडात याच सुमारास ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे काम अकोला, अमरावती, खामगाव या भागांत चालू होते. अकोल्यात दीर्घकाळ राहिलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांवरील अन्यायासंबंधीचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. त्यात परकीय दृष्टीचे दोष आहेत. तरीही वऱ्हाडातील वास्तव्यातून असे पुस्तक निघावे, ही प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी बाब आहे. वलगावहून परतवाड्याच्या दिशेने गेल्यास अचलपूर परिसरातील कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी उभे राहिलेले रुग्णालय हीही त्याच काळातील सेवापरंपरेची खूण आहे. ज्या रोगाला दैवी शाप मानले जाई, त्या रोग्याला स्पर्श करणे हाच तेथील पहिला उपदेश होता.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पूर्वीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्दयोजना अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनीच या भाषांतराच्या मुद्रणाचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी खिळे जुळवावेत आणि तो ग्रंथ त्यांच्यासारख्याच स्त्रियांना वाचता यावा, यात साऱ्या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे. दुःखिताला केवळ श्रोता न ठेवता वाचक बनवणे, हे रमाबाईंच्या कार्याचे मर्म होय.

लोकभाषेतील उपदेश : टिळक दांपत्य

उपदेश लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचावयाचा तर त्याचे रूपही लोकांचे असावे लागते. अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा निर्माण झाली आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ती वाढविली. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी भजन आणि अभंग यांचे माध्यम अधिक समर्थपणे वापरले. टिळकांच्या वैचारिक परिवर्तनाचा धागा विदर्भाशी जोडलेला आहे. नागपूरला काही काळ वास्तव्य केल्यानंतर १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे परकीय होणे, हा समज त्यांनी स्वीकारला नाही.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर विरहाचे आणि लोकनिंदेचे मोठे दुःख कोसळले होते. म्हणजे येथे धर्मच दुःखाचे कारण ठरला होता. हे दुःख त्यांनी लपविले नाही आणि नंतर स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्याचे उदात्तीकरण केले नाही. सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंना जातिभेद ईश्वरनिर्मित नाही हे उमगले, तो प्रसंग त्यांनी स्वतःच्याच विचारप्रक्रियेतून सांगितला आहे. कोणाच्या प्रवचनाने तो बदल झाला नाही. त्यांनी स्वतः विचार केला आणि मग आचरण बदलले. उपदेशाची परिणती आचारात कशी होते, याचे इतके प्रांजळ चित्र मराठीत विरळाच आढळते.

टीका आणि आत्मपरीक्षण

या परंपरेचे मूल्यमापन तिच्यावरील टीकेशिवाय अपुरे राहील. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्यांनी धर्मांतर केले नाही. ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये मात्र त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसविले. वामनाने पाताळात दडपलेल्या बळीचेच कार्य पश्चिमेत या पुरुषाने केले, अशी त्यांची मांडणी आहे. चर्चच्या बाहेर उभे राहून केलेले हे ख्रिस्तचरित्राचे शेतकरी वाचन होय. आज वऱ्हाडात शेतकऱ्याला बळीराजा म्हणताना या मांडणीची आठवण क्वचितच ठेवली जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची टीका अधिक मर्मग्राही आहे. धर्मांतरानंतरही अस्पृश्यांची सामाजिक स्थिती बदलली नाही आणि भारतीय ख्रिस्ती समाजाने अन्यायाच्या निवारणासाठी संघटित प्रयत्न केले नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले. आत्म्याच्या तारणावर भर देणारा उपदेश परिस्थिती बदलण्याची प्रेरणा देत नाही, हा त्यांच्या टीकेचा आशय आहे. चर्चमध्येच जातिनिहाय बसण्याच्या जागा आणि स्वतंत्र दफनभूमी देशाच्या काही भागांत दीर्घकाळ टिकून राहिल्या, हे वास्तव ही टीका खरी ठरविते.

या टीकेला धर्मशास्त्राच्या अंगाने उत्तर देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ (१९३६-१९९५) यांनी केला. १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानातून त्यांनी जो विचार मांडला, त्यातून दलित धर्मशास्त्राची सुरुवात झाली. ‘अनुवाद’ ग्रंथात भटक्या पूर्वजाचे स्मरण करून केलेली श्रद्धेची कबुली आहे. निर्मळांनी तिच्या आधारे असे प्रतिपादन केले की, दलित ख्रिस्ती मनुष्याने आपल्या पूर्वजांच्या हालअपेष्टांचे स्मरण करूनच आपली श्रद्धा व्यक्त केली पाहिजे. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ (१९२८-२०२४) यांनी ईयोबावरील आपल्या ग्रंथात निरपराधांच्या दुःखातून देवाविषयी कसे बोलावे, हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला होता. भारतात त्या प्रश्नाला जातीचे परिमाण आहे.

हा प्रश्न कायद्याच्या क्षेत्रातही अनिर्णीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. १९८५ मधील सूसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही पूर्वीइतकीच सामाजिक विकलता कायम राहते हे पुराव्यानिशी दाखविले पाहिजे, अशी भूमिका घेतली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष असावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमण्यात आला. या वादात मतभिन्नतेला वाव आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ज्याने सोसले त्यानेच पुरावा द्यावा, अशी स्थिती वारंवार उद्भवते.

महाराष्ट्रात या धारेचे अलीकडील उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४). वसईच्या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई आंदोलनाचे त्यांनी नेतृत्व केले आणि जमीन बळकावणाऱ्यांच्या विरोधात धर्मगुरूच्या वेषात रस्त्यावर उतरले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला भाषांतरासाठीचा २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. रमाबाईंप्रमाणेच त्यांच्या बाबतीतही वचन सुबोध करणे आणि अन्यायाला विरोध करणे ही दोन कामे एकाच व्यक्तीच्या हातून झाली, हा योगायोग मानता येणार नाही.

वऱ्हाडातील आजचा प्रश्न

वऱ्हाडाच्या संदर्भात या साऱ्या विवेचनाची कसोटी शेतकरी आत्महत्येच्या प्रश्नावर लागते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाला भेट देऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यानंतरही हे सत्र थांबले नाही. कोरडवाहू कापूस, वाढता उत्पादनखर्च, अनिश्चित भाव आणि खासगी सावकारी ही कारणे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिली आहेत. शासकीय चौकशीत प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. मृताच्या वा कुटुंबाच्या नावे जमीन होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, असे प्रश्न विचारले जातात. भाडेपट्ट्याने शेती करणारा किंवा सावकाराकडून कर्ज घेतलेला मनुष्य या निकषांत सहज बसत नाही. त्याच्या पत्नीला शोकाबरोबर कागदपत्रांचाही भार वाहावा लागतो.

अशा घरी जाऊन उपदेशकाने काय बोलावे ? या प्रश्नासाठी ‘रूथ’ या लहानशा ग्रंथाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. दुष्काळामुळे परमुलखात गेलेल्या एका कुटुंबातील पती आणि दोन्ही मुलगे मरण पावतात. मागे सासू नामी आणि सून रूथ उरतात. गावी परतल्यावर नामी उघडपणे म्हणते की, मला आता जुन्या नावाने हाक मारू नका, देवाने माझे आयुष्य कडू केले आहे. ग्रंथ तिला या उद्गाराबद्दल दोष देत नाही. गावकरीही तिला गप्प करीत नाहीत. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. हा सरवा म्हणजे भीक नव्हे. पिकाच्या कडा गरीब, विधवा आणि उपरे यांच्यासाठी राखाव्यात असा नियमच होता. पुढे बवाज गावाच्या वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर मृताच्या जमिनीचा प्रश्न रीतसर सोडवितो. म्हणजे या कथेत सांत्वनाची तीन अंगे आहेत : तक्रार ऐकून घेणे, उपजीविकेचा हक्क मान्य करणे आणि जमिनीचा निवाडा सार्वजनिक ठिकाणी करणे. केवळ पहिले अंग घेतले तर तो भावनेचा उमाळा ठरतो. केवळ तिसरे घेतले तर ती कचेरी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संकटात सापडलेल्या कुटुंबाकडे धर्मांतराच्या अपेक्षेने जाणे हा त्या दुःखाचाच गैरवापर ठरतो. शारदा सदनाच्या वादाने हा धडा मराठी समाजाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस काही न मागता बसले होते. त्यांची चूक आठव्या दिवशी सुरू झाली.

विद्यापीठीय शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, हे वाङ्मय केवळ धर्मशास्त्राच्या कक्षेत ठेवणे योग्य नाही. यवतमाळ येथे १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था कार्यरत होती आणि नंतर ती पुण्यास हलविण्यात आली. तीस वर्षे कापसाच्या प्रदेशात राहिलेल्या या संस्थेचा आणि भोवतालच्या समाजाचा संबंध कसा होता, हा मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांनी मिळून अभ्यासावा असा विषय आहे. गाडगेबाबांचे कीर्तन आणि टिळकांचे भजन, ‘यमुनापर्यटन’ आणि रमाबाईंचे लेखन यांचा तौलनिक अभ्यासही पदव्युत्तर पातळीवर होऊ शकेल.

निष्कर्ष

१. बायबलमध्ये दुःखाचे एकच स्पष्टीकरण नाही. विलाप आणि निषेध या दोन्हींना तेथे मान्यता आहे. अन्यायग्रस्ताला केवळ सहनशीलता शिकविणारा उपदेश त्या ग्रंथाच्याच कसोटीवर अपुरा ठरतो.

२. मराठी ख्रिस्ती परंपरेत वचन प्रभावी ठरले ते दुःखित व्यक्तीने स्वतः ते वाचले आणि त्याचा अर्थ लावला तेव्हा. रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आणि अरविंद निर्मळ ही त्याची तीन भिन्न काळांतील उदाहरणे होत.

३. फुले आणि आंबेडकर यांची चिकित्सा ही या परंपरेची बाहेरून झालेली अवहेलना नव्हे. जातिभेदाविषयी चर्चने स्वीकारलेल्या मौनावर तिने नेमके बोट ठेवले आहे.

४. साहाय्य आणि धर्मप्रसार यांतील सीमारेषा पाळणे हे उपदेशकाचे नैतिक कर्तव्य आहे.

५. शेतकरी कुटुंबाच्या शोकप्रसंगी कोणत्याही धर्माच्या उपदेशकाने आधी ऐकावे, मग हक्काचा मार्ग दाखवावा आणि जबाबदार व्यवस्थेला सार्वजनिकरीत्या प्रश्न विचारावेत. पेढीकाठी विसावलेल्या कीर्तनकाराने आपल्या श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याकडूनच घेण्याची जी रीत घालून दिली, ती येथील सर्व उपदेशकांना आजही आदर्शवत आहे.